नव्या मडक्याला उशीर लागतो

जानेवारीतल्या एका सकाळी नऊच्या सुमाराला फोन आला. मिनियापोलिसला तेव्हा आदल्या रात्रीचे साडेनऊ वाजले होते. "आई, अडकली गं ती," मुलगा म्हणाला, आणि पुढे काही बोलेना.

मी ओटीवर सुपारी सोलत बसले होते. अडकली म्हणजे गाडी बर्फात रुतली असणार, असं मला वाटलं. मग कळलं, अडकली होती ती बिअर. घराच्या तळघरात काचेच्या मोठ्या बुधल्यात त्याने एकोणीस लिटर बार्लीचा काढा यीस्ट घालून आंबायला ठेवला होता. नऊ दिवस झाले होते. चार दिवस जोरात फसफसला, मग हळू झाला, आणि आता बुधल्याच्या तोंडावरच्या एअरलॉकमधून एकही बुडबुडा येत नव्हता. चव घेतली तर काढा अजून गोड.

तिकडे घरी बिअर करणं गुन्हा नाही. 1978 साली अमेरिकेच्या संसदेने तसा कायदा केला. दोन प्रौढ माणसांच्या घराला वर्षाला दोनशे गॅलनपर्यंत मुभा आहे, विकायची मात्र नाही. आपल्याकडे 1949 चा दारूबंदी कायदा आहे, परवान्यावाचून असं काही घरात करता येत नाही. त्यामुळे या लिखाणातली बिअर सगळी तिथली. इथली आहे ती माडी, आणि तीही परवान्याच्या माडांवरची. पण त्या एका फोनमुळे दोन्हींचा विचार मला पुढचा महिनाभर एकत्र करावा लागला.

मुलाने मला का विचारावं, याला एक सरळ कारण आहे. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. साखरेच्या कोमट पाण्यात यीस्ट घालून त्याचा वायू चुन्याच्या निवळीत सोडायचा आणि निवळी दुधासारखी पांढरी झालेली मुलांना दाखवायची, हा प्रयोग मी किती तुकड्यांना दाखवला असेल. त्याला मी तो घरी ओट्यावर दाखवला होता, तेव्हा तो सात वर्षांचा होता. दुसरं कारण त्याला अर्धवटच माहीत होतं. आमचं घर भंडाऱ्यांचं. माझे आजोबा माडावर चढत.

पहिला फोन त्याने काढा ठेवल्याच्या दुसऱ्याच दिवशी केला होता. चोवीस तास झाले, काहीच हालचाल नाही, यीस्ट मेलं का, असं विचारत होता. तेव्हा मी सांगितलं, थांब. यीस्ट काढ्यात पडल्या पडल्या मद्य करायला लागत नाही. आधी ते स्वतःची संख्या वाढवतं, आणि त्यासाठी त्याला प्राणवायू लागतो, कारण पेशीचं पटल बांधायची चरबी त्याला प्राणवायूशिवाय करता येत नाही. बार्लीचा काढा तासभर उकळलेला असतो, त्यातली हवा निघून गेलेली असते. म्हणून गार झाल्यावर तो उंचावरून ओतायचा, नाहीतर भांडं चांगलं हलवायचं. "हलवलं होतंस का?" नव्हतं हलवलं. मग मी म्हटलं, आत्ता हलव, वड्यांचं पीठ फेटतो तसं. त्याने हलवलं, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी फेसाचा जाड थर आला.

नवव्या दिवशीच्या फोनवर त्याने विचारलं, "परत हलवू का तसंच?" आणि माझ्या तोंडून जवळजवळ हो निघालं होतं. फेसाने एकदा गुण दिला तर दुसऱ्यांदाही देईल, असं कुणालाही वाटेल. पण आंबणं सुरू होऊन मद्य तयार झाल्यावर तोच प्राणवायू घातक. बिअर शिळी पडते, तिला भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास येतो. तीच कृती, तोच हात, तेच भांडं. दुसऱ्या दिवशी औषध, नवव्या दिवशी विष. इतकी वर्षं विज्ञान शिकवूनही हे मला असं समोर उभं राहून कधी दिसलं नव्हतं. मी त्याला म्हटलं, बुधल्याला हात लावू नकोस. आधी मोज.

मोजायचं म्हणजे हायड्रोमीटरने. आपल्याकडे दुधाला लॅक्टोमीटर लावतात तीच गोष्ट. काचेची नळी द्रवात जितकी वर तरंगेल तितकी त्यात साखर जास्त. पाणी 1.000 धरलं तर त्याचा काढा सुरुवातीला 1.054 होता. यीस्टने खायची तेवढी साखर खाल्ली की 1.012 च्या आसपास यायला हवा होता. आला होता 1.026. म्हणजे दोन-तृतीयांश वाट येऊन थांबलेला. इथे एक खबरदारी त्याला सांगावी लागली. त्याच्याकडे थेंबभर रसावर चालणारं रिफ्रॅक्टोमीटर नावाचं दुसरं साधनही होतं, आणि तो सोयीचं म्हणून तेच वापरायच्या बेतात होता. पण मद्य तयार झालं की ते साधन साखर आहे त्याहून जास्त दाखवतं, हिशोबाने दुरुस्ती केल्याशिवाय त्याचा आकडा खरा धरता येत नाही. पुष्कळांची बिअर त्या आकड्यात अडकलेली असते, बुधल्यात ती केव्हाच होऊन गेलेली असते.

बुडबुड्यांचंही तसंच. झाकणाची फट थोडी सैल असली की वायू तिथून निघून जातो आणि एअरलॉक गप्प बसतो. उलट तळघर जरा तापलं की काढ्यात विरघळलेला वायू नुसत्या उष्म्याने बाहेर येतो आणि आंबणं संपलेलं असूनही बुडबुडे येत राहतात. बुडबुड्याकडे बघत बसायला बरं वाटतं, एवढंच. दोन-तीन दिवसांच्या अंतराने घेतलेले दोन आकडे सारखे आले तर थांबलंय म्हणायचं. वेगळे आले तर चाललंय, कितीही हळू का असेना.

आता प्रश्न असा की मंदावलं का. मी विचारलं, तळघर किती गार? तो म्हणाला, एकोणीस अंश. कुठे बघितलंस? वरच्या मजल्यावरच्या भिंतीवर. तळघराच्या काँक्रीटच्या जमिनीवर, जिच्या पलीकडे गोठलेली माती आहे, तिथे बुधला ठेवून याने वरच्या दिवाणखान्यातलं तापमान खरं धरलं होतं. खाली थर्मामीटर नेऊन ठेवला तर चौदा. त्याने घातलेलं यीस्ट एल जातीचं, त्याला अठरा ते बावीस अंश मानवतं. पहिले चार दिवस आंबण्याचीच ऊब होती, यीस्ट काम करताना स्वतः तापतं. जोर ओसरला तशी ऊब ओसरली, जमिनीचा गारवा बुधल्यात शिरला, आणि यीस्ट काम अर्धं टाकून तळाशी जाऊन बसलं. मेलं नव्हतं. थंडीत माणूस गुडघे पोटाशी घेऊन झोपतो तसं झोपलं होतं.

माझ्या सासूबाईंनी शिवलेली एक गोधडी त्याच्याकडे आहे. लग्नानंतर सामानात भरून दिली होती. मी म्हटलं, बुधला वर आण, हीटरपासून हातभर लांब ठेव, गोधडी गुंडाळ, आणि बुधला जागच्या जागी गोल फिरव, हवा आत न घेता, तळाचा गाळ उठेल इतकाच. वीस अंशांच्या वर जाऊ देऊ नकोस, घाईने तापवू नकोस. त्याने फोटो पाठवला. निळ्या-लाल तुकड्यांच्या गोधडीत काचेची मान, मागे खिडकीबाहेर पांढरं सगळं.

तेराव्या दिवशी 1.020. सोळाव्या दिवशी 1.018.

त्याच संध्याकाळी त्याने विचारलं, "आई, पणजोबांची माडी कधी अडकायची का गं?"

याचं उत्तर मला येत नव्हतं, आणि ते येत नाही हे कळल्यावर मी बराच वेळ गप्प झाले. आमच्या घरात या विषयावर बोलायची रीत नव्हती. 1950 साली मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली तेव्हा आजोबांचे माड बंद झाले. त्याआधीही हा धंदा सुखाचा नव्हता. 1878 च्या अबकारी कायद्यापासून माडामाडावर कर बसत गेला, आणि कोलाबा-ठाण्याकडच्या भंडाऱ्यांनी त्याविरुद्ध आवाज उठवलेला इतिहासात नोंदलेला आहे. पण कर भरून निदान जगता येत होतं. बंदीनंतरची वर्षं आजोबांनी लोकांच्या वाड्यांत नारळ पाडून काढली. साठच्या दशकात कायदा सैलावला, परवाने परत मिळू लागले, तेव्हा उतारवयात त्यांनी पुन्हा चार माड धरले. तोवर माझे वडील कचेरीत कारकून झाले होते. माडीचं मडकं घरात आणायचं नाही, ही त्यांची अट. मडकी वाडीतल्या खोपीत राहत. मी लहानपणी तिथे जाऊन बसायचे, आणि घरी आल्यावर आई माझे कपडे हुंगून बघायची. माडीला वास येतो, आंबूस, गोडसर, पिकून पडलेल्या फणसाच्या जवळ जाणारा. वडिलांना त्या वासाची लाज वाटे. त्यांना मी दोष देत नाही. ज्या धंद्यावर सरकारने गुन्ह्याचा शिक्का मारला, त्या धंद्याच्या घरचा मुलगा कचेरीत बसला की त्याला काय ऐकून घ्यावं लागलं असेल, ते तो सांगत नव्हता इतकंच. पण आजोबा गेल्यावर खोपीतली मडकी फोडून टाकली गेली, आणि त्यांच्याबरोबर पुष्कळ काही विचारायचं राहून गेलं.

शेजारच्या वाडीत एक दादा अजून माडी काढतात. सत्तरी ओलांडलेले, पाय थोडे वाकलेले, पण माडावर चढताना वय जमिनीवर ठेवून जातात. मी सकाळी त्यांच्या खोपीत गेले आणि मुलाचा प्रश्न जसाच्या तसा विचारला.

"बाई, माडी कशी अडकंल?" ते म्हणाले. "ती पळते. तिला थांबवायची म्हणजे चुना लागतो."

हे मला माहीत होतं आणि माहीत नव्हतं. माडाच्या पोयीतून, म्हणजे न उमललेल्या फुलोऱ्यातून, टपकणारा रस गोड असतो, शंभर भागांत साधारण बारा ते पंधरा भाग साखर. तो मडक्यात पडतो त्या क्षणापासून आंबायला लागतो. सकाळी उतरवलेली माडी दुपारपर्यंत चढते, दुसऱ्या दिवशी आंबट होते, आणखी काही दिवसांनी शिरका. तो रस गोड ठेवायचा, नीरा म्हणून विकायचा, तर मडक्याला आतून चुना लावावा लागतो. चुन्याने रस अल्कधर्मी होतो आणि जिवाणू, यीस्ट दोघांचेही हात बांधले जातात. म्हणजे इकडे शेकडो वर्षांचं कसब सगळं आंबणं रोखण्यात आणि वेळेत खाली उतरवण्यात गेलं. तिकडे माझा मुलगा गोधडी गुंडाळून तेच आंबणं जागं करायला बसला होता. एकाच नदीच्या दोन काठांवर दोघे उभे, एकाला पाणी ओसरायला हवं आणि दुसऱ्याला चढायला.

दादांनी मग थोडं थांबून जे सांगितलं त्यासाठी मी पुढचे दोन दिवस त्यांच्याकडे जात राहिले. "नव्या मडक्याला मात्र उशीर लागतो हां. कोरं मडकं लावलं की पहिले दोन-तीन दिस माडी आळशी. चढत न्हाय, गोडच ऱ्हाते. मडकं मुरलं की मग बघायला नको."

मडकं मुरतं म्हणजे काय होतं, ते त्यांना बोटाने दाखवता येत होतं. आतल्या बाजूला, भाजलेल्या मातीच्या बारीक छिद्रांत, कालच्या माडीचा पांढुरका थर राहतो. ते पाण्याने विसळतात, घासत नाहीत. त्या थरात कालचं यीस्ट आहे, परवाचं आहे, आणि कदाचित मागच्या पावसाळ्याआधीचंही. आजचा रस पडतो तो रिकाम्या मडक्यात पडतच नाही. आत लाखोंची वस्ती वाट बघत असते. दादांना यीस्ट विकत घ्यावं लागत नाही, मोजावं लागत नाही, ते किती जिवंत आहे याची काळजी करावी लागत नाही. मुलाने मात्र साडेअकरा ग्रॅमचं पाकीट फोडून एकोणीस लिटरवर भुरभुरवलं होतं, तेही कोरड्या, निर्जंतुक केलेल्या, आठवण नसलेल्या काचेत.

शाळेत मी मुलांना 'किण्वन' हा शब्द घोकायला लावत असे, आणि तो कुणी मंडळाने बसून घडवला असेल अशी माझी समजूत होती. तो निघाला फार जुना. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचं प्रकरण आहे, त्यात किण्व म्हणजे उडीद आणि तांदूळ यांपासून केलेलं मद्याचं विरजण. तिथे मेदक नावाच्या तांदळाच्या पेयाचं माप दिलंय: एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ, तीन प्रस्थ किण्व. चार प्रस्थांचा आढक आणि चार आढकांचा द्रोण धरला तर सोळा वाटे पाण्याला दोन वाटे तांदूळ आणि तीन वाटे विरजण होतं. तांदळापेक्षा विरजण जास्त! हे वाचल्यावर मी वही बंद करून हसले, फार आनंदाने. त्या काळात यीस्ट दिसत नव्हतं, त्याचं नाव नव्हतं, पण ते कमी पडलं की काय होतं हे कुणालातरी पुरतं ठाऊक होतं. बव्हेरियात 1516 साली बिअरचा प्रसिद्ध शुद्धतेचा नियम निघाला, त्यात बार्ली, हॉप्स आणि पाणी एवढीच नावं आहेत. यीस्टचं नावच नाही. मागच्या पिंपातला गाळ पुढच्यात जायचा, त्याला कुणी जिन्नस समजत नव्हतं. कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल हान्सेनने 1883 साली एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं, तेव्हापासून पाकिटाचा रस्ता मोकळा झाला. त्याचा फायदा थोर आहे, बिअर बिघडणं थांबलं. पण मडक्याच्या भिंतीशी असलेलं नातं तिथे सुटलं, हेही खरं. नॉर्वेतल्या काही खेड्यांनी ते सोडलं नाही. तिथे शेतकरी लाकडाच्या कड्यांच्या माळेवर यीस्ट वाळवून आढ्याला टांगून ठेवत, घराघरातून ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं. क्वाइक म्हणतात त्याला. पस्तीस-चाळीस अंशांच्या उष्म्यातही ते तडफेने काम करतं. इतक्या गार देशात इतकं उष्णतेचं यीस्ट कसं टिकलं, याचं मला नवल वाटतं. आमच्या मे महिन्याला ते शोभलं असतं.

आणि आमच्या गावाचाही या गोष्टीशी एक धागा आहे. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी घोडा घेऊन चौलला उतरला. आमच्या रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे, शाळेतल्या मुलांना मी तिथे घेऊन जात असे. त्याच्या प्रवासाच्या टिपणांत इथल्या प्यायच्या गोष्टीही येतात. नारळापासूनच्या मद्याची त्याने नोंद केली, आणि दुसऱ्या एका पेयाला त्याने आपल्या घरचा शब्द लावला: ब्रागा. त्याच्या त्वेर गावाकडे धान्य आंबवून घरोघर करत ती ब्रागा. परक्या किनाऱ्यावर, परक्या झाडाखाली, फसफसणारं काही बघून त्याला घरचं भांडं आठवलं असणार. मुलांना मी घोड्याची गोष्ट सांगायचे, त्याच्या बिदरच्या मुक्कामाची सांगायचे. ही कधी सांगितली नाही. वर्गात माडीचा विषय काढायचा नाही, हे मी वडिलांच्या घरातूनच उचललं होतं.

याच गावात आंबवणं कटाक्षाने टाळणारी घरंही होती. बेथ एल सिनेगॉगच्या आसपास बेने इस्रायली ज्यू कुटुंबं राहायची. शब्बाथच्या, म्हणजे शुक्रवारच्या, संध्याकाळी आशीर्वादाला द्राक्षाचा रस लागतो, म्हणून ती काळ्या मनुका भिजवून, उकळून, गाळून त्याचं सरबत करायची आणि ताजं ताजंच वापरायची. आमच्या शेजारच्या आजींच्या घरचं ते सरबत मी प्यायले आहे. दोन घरांमध्ये एक गडग्याची भिंत, अलीकडे चढणारी माडी, पलीकडे चढू न दिलेली मनुका. आता त्या घराला कुलूप आहे, माणसं इस्रायलला गेली.

मुलाकडे परत जायला हवं. अठराव्या दिवशी त्याने पुन्हा मोजलं: 1.018. दोन दिवसांत ढिम्म. तापमान वीस. गाळ उठवलेला. आता काय? नवं यीस्ट घालू, साखर घालू, यीस्टचं खत घालू, असं त्याला सुचत होतं. माणूस अशा वेळी काहीतरी घालायलाच बघतो. मला मात्र वाटलं, अजून एक गोष्ट कळलेली नाही. ही बिअर अडकली आहे, की संपली आहे? बाहेरून दोन्ही सारख्या दिसतात. अडकलेलीला उठवायचं असतं. संपलेलीला उठवायला गेलं तर तिची खराबी होते. आणि अडकलेलीला संपली समजून बाटलीत भरलं, तर ती बाटलीत जागी होते आणि काच फोडते. हा धोका खरा आहे, त्यात हात-डोळे जायबंदी होतात.

यावर एक साधी परीक्षा आहे. बुधल्यातला पेलाभर काढा स्वच्छ बाटलीत काढायचा, त्यात भरपूर ताजं यीस्ट घालायचं, बाटली पंचवीस-सत्तावीस अंशांच्या उबेत ठेवायची आणि अधूनमधून हलवायची. या पेल्याची चव बिघडली तरी चालेल, तो फक्त सांगण्यापुरता आहे. खाण्याजोगी साखर उरली असेल तर इतकं यीस्ट ती दोन-तीन दिवसांत फस्त करील. मी त्याला म्हटलं, हे तुझं मुरलेलं मडकं समज. त्यात काय होतं ते बघ.

तीन दिवसांनी पेल्यातला आकडा आला 1.017.

म्हणजे यीस्ट निर्दोष होतं. खायला काही उरलंच नव्हतं, आणि तरी गोडी होती. ही गोडी यीस्टच्या दाताला न लागणारी. मग आम्ही दोघं मागे मागे जात पहिल्या दिवसाच्या पहिल्या तासापर्यंत पोचलो. आपण नाचणीला मोड आणून सत्त्व करतो तशी बार्ली मोड आणून वाळवलेली असते. ती गरम पाण्यात तासभर ठेवली की तिच्यातली विकरं पिठाची साखर करतात. बासष्ट ते पासष्ट अंशांच्या आसपास पाणी असलं तर तुकडे लहान होतात, यीस्टला खाता येतात. सत्तरच्या जवळ गेलं तर ते काम करणारं विकर होरपळून जातं आणि तुकडे लांब राहतात. याने पाणी सदुसष्टला ठेवलं होतं, दोन्हींच्या मधलं, ठीक. थर्मामीटर कोणता? स्वयंपाकघरातला. मी म्हटलं, पेल्यात बर्फ आणि थोडं पाणी घे, त्यात तो बुडव. उणे तीन. सदुसष्ट म्हणून वाचलं होतं ते सत्तर होतं. पहिल्या तासात, यीस्टचं पाकीट फोडायच्या कितीतरी आधी, काढ्यात किती आंबेल ते ठरून गेलं होतं. त्यानंतर चौदा अंशांचा गारवा आला, तो खरा होता, त्यावर गोधडीने इलाज झाला, पायऱ्यांच्या चढावर तिने बरंच वर नेलं. पण शेवटच्या काही पायऱ्या मुळात बांधलेल्याच नव्हत्या.

मुलगा निराश झाला. मी नाही झाले. 1.054 वरून 1.018 म्हणजे पावणेपाच टक्के मद्य, थोडी जड, गोडसर बिअर. त्यात दोष शोधणारा आपल्या अपेक्षेचा आकडा हातात धरून बसलेला असतो. त्याने ती बाटल्यांत भरली. आणि बुधल्याच्या तळाशी जो दाट, मळकट पांढरा गाळ राहिला तो तो फेकणार होता, तेव्हा मी त्याला ओरडून थांबवलं. दादांचं मडकं माझ्या डोळ्यांपुढे होतं. तो गाळ त्याने उकळलेल्या बरणीत घालून फ्रिजमध्ये ठेवला, आणि आठवड्याच्या आत पुढचा काढा त्यातल्या थोड्या गाळावर ओतला. नवा थर्मामीटर, उंचावरून ओतलेला काढा, वरच्या मजल्यावर बुधला. संध्याकाळी सातला ओतला. झोपायच्या आधी त्याने फोन केला तेव्हा फेस काचेला चिकटून वर चढत होता, आणि तो काही बोलत नव्हता, फोन नुसता एअरलॉकजवळ धरून उभा होता. मी ऐकलं.

हे मी दादांना सांगायला गेले. ते खोपीत नव्हते. वाडीच्या कडेला, खाडीच्या बाजूला, एका माडावर होते. 2020 च्या जूनमध्ये निसर्ग वादळ आलं त्या दुपारी या वाडीतले निम्म्याहून जास्त माड आडवे झाले. आमच्याही वाडीत तेच झालं. सुपारीची झाडं काड्यांसारखी मोडली. दादांचे परवान्याचे पुष्कळसे माड त्यात गेले. हा माड त्या दिवशी वाकला पण पडला नाही, आणि इतक्या वर्षांत त्याला माडीसाठी कधी धरलं नव्हतं. आता ते त्याला पहिल्यांदाच धरत होते.

मी खाली उभी राहून बघत राहिले. मला वाटत होतं की माडीला वाट बघावी लागत नाही. आजोबांच्या खोपीत बसणाऱ्या मला फक्त उतरलेली मडकी दिसायची. न उमललेली पोय दोरीने घट्ट बांधतात, आणि मग रोज, दिवसातून दोनदा, लाकडाच्या लहान ठोकणीने तिला हलकेच ठोकतात. जोरात नाही, जोर झाला की पोय फुटते आणि वाया जाते. हलक्या हाताने सगळ्या बाजूंनी. आठवडाभर, कधी दोन आठवडे, काहीही येत नाही. रोज चढायचं, ठोकायचं, टोक किंचित तासायचं, हुंगायचं, उतरायचं. मडकंही लावायचं नाही, कारण लावून उपयोग नाही. मग एक दिवस टोकाला ओल दिसते.

दादा उतरले, हातपाय झटकले, पाणी प्यायले. मुलाची बिअर चढल्याचं मी सांगितलं तर त्यांनी मान डोलावली, जसं काही त्यात विचारण्यासारखं नव्हतंच. मग खोपीतून एक मडकं आणून दाखवलं, कोरं, लाल. नव्या माडाला नवं मडकं लावणार का, मी विचारलं. "लावीन," ते म्हणाले, "पण त्यात आधी जुन्या मडक्यातली वाटीभर फिरवून."

हे सगळं मी मुलाला सांगितलं. तेव्हापासून तो रोज सकाळी नऊला, म्हणजे त्याच्या रात्री साडेनऊला, आधी बिअरचा आकडा सांगतो आणि मग माडाची चौकशी करतो. मी फोन कानाला लावून गडग्यापर्यंत जाते. खाडीपलीकडे कोर्लईचा डोंगर असतो, वर दादांची ठोकणी वाजत असते, टक टक, थांबून पुन्हा टक टक. आज नववा दिवस. तो विचारतो, "आलं का गं?" मी वर बघते, आणि दादा वरूनच हात हलवतात. अजून नाही.